बडोदा: कॉलेजच्या पोरांचं तत्त्वज्ञान मंडळ आणि 'एटले?'

विश्वामित्रीकाठ
नमस्कार मंडळी. बडोद्यात असतो, टीवाय बीए, विषय तत्त्वज्ञान. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार आहे. एफवायला असताना आम्ही काही जणांनी एक तत्त्वज्ञान मंडळ सुरू केलं, दर शनिवारी साडेचारला, कॉमर्स सायन्स आर्ट्स कोणीही यावं, फक्त ग्रॅज्युएशनची पोरं, सर-मॅडम नकोत असं आम्हीच ठरवलं होतं. पहिल्या शनिवारी बावीस जण आले. दिवाळीपर्यंत पाच उरले.

पाचच का उरले ते मला आत्ता कुठे कळतंय. आमच्यातले तिघं बोलण्यात तयार, मी त्यातलाच एक, वादविवाद स्पर्धा जिंकलेले, इंग्रजी फाडफाड, आणि विषय कुठलाही असो, देव आहे का, माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे का, दहा मिनिटांत समोरच्याला गप्प करायचो. गप्प झालेला पुढच्या शनिवारी यायचाच नाही. आम्हाला वाटायचं त्याला इंटरेस्ट नाही.

एफवायची एक मुलगी होती, मांडवीकडची, गुजराती मीडियमची. सहा शनिवार आली, सहाही वेळा खिडकीजवळच्या बाकावर, एक शब्द नाही. सहाव्या वेळी मी 'चेतना ही मेंदूची इमर्जंट प्रॉपर्टी आहे' असं काहीतरी बोलत होतो आणि ती एकदम म्हणाली, "एटले?" म्हणजे आपलं 'म्हणजे?'. मी तेच परत सांगितलं, जरा जोरात. ती परत "एटले?" आवाज तेवढाच, चिडलेली नाही, टिंगल नाही, खरंच विचारत होती. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की इमर्जंट म्हणजे काय हे मला गुजरातीत, मराठीत, कशातच सांगता येत नाहीये. शब्द पाठ झाला होता एवढंच. मी बसलो. मग ती बोलली, पहिल्यांदाच. म्हणाली माझ्या आजीला काही आठवत नाही, माझं नाव विसरली, आईला ओळखत नाही, पण पीठ पुढ्यात ठेवलं की रोटला बरोब्बर गोल थापते, तर मग ते थापतंय कोण?

त्या दिवशी सात वाजेपर्यंत बसलो होतो. शिपाईकाका दोनदा किल्ल्या वाजवून गेले.

तेव्हापासून आमच्यात 'एटले' हा नियमच झालाय, कोणीही कोणालाही म्हणू शकतं, राग मानायचा नाही. भाषा कुठलीही, गुजराती मराठी हिंदी, अडलं तर इंग्रजी. आता चौदा-पंधरा जण नक्की येतात. पण या सेमिस्टरला खोली काढून घेतली, अर्ज तीनदा दिला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. म्हणून सध्या कामाटीबागेत बसतो, झाडाखाली, आणि खरं सांगू, पाऊस नसेल तर बरंच वाटतं.

आता माझं काम. जूनपर्यंत मी पास होऊन जाईन आणि मंडळ माझ्या मागे टिकावं असं फार वाटतं. वाद तर व्हायलाच हवेत, नुसतं गोडगोड बोलून काय करायचं, पण पुन्हा ते पाचवर नको. नियम काय असावेत? आणि काय वाचावं, जे एका शनिवारात होईल?


जुना_दांडियाबाजार
विश्वामित्रीकाठ, धागा दोनदा वाचला. संस्कृत शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

त्या मुलीने जे केलं त्याला गौतमाच्या न्यायसूत्रात, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या ग्रंथात, नाव आहे. पाचव्या अध्यायात शेवटी 22 निग्रहस्थानं दिली आहेत, निग्रहस्थान म्हणजे वादात माणूस हरला असं जिथे धरायचं ती जागा. त्यातलं एक 'अविज्ञातार्थ'. बोलणाऱ्याने तीन वेळा सांगूनही सभेला आणि समोरच्याला कळलं नाही, तर हरला कोण? बोलणारा. ऐकणारे मठ्ठ आहेत असं म्हणायची सोय गौतमाने ठेवलेलीच नाही. तीन वेळा, बरं का. तू तिसऱ्याला बसलास ते शास्त्राला धरूनच झालं.

आणि त्याची दुसरी बाजू, 'अननुभाषण'. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुला त्याचं म्हणणं परत मांडता आलं नाही, तर तू हरलास. म्हणजे खोडून काढायच्या आधी त्याचं म्हणणं तुझ्या तोंडून यायला हवं. आपल्याकडे बरेच जुने ग्रंथ आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडतात ते उगीच नाही. चांगल्या ग्रंथकाराचा पूर्वपक्ष वाचताना आपण मनात म्हणतो, अरे हेच तर बरोबर आहे की, आता हा उत्तर काय देणार?

तुमचं पहिल्या वर्षी जे चाललं होतं तो 'जल्प'. न्यायात कथा तीन प्रकारची. 'वाद' म्हणजे खरं काय ते शोधायला दोघांनी बसणं, गुरुशिष्यांत चालतो तो. 'जल्प' म्हणजे जिंकण्यासाठी, त्यात छळ वगैरे सगळं चालतं. 'वितंडा' म्हणजे स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं मोडायचं. यातला छळ म्हणजे मारहाण नव्हे, शब्दाचा छळ. त्याचं उदाहरण मराठी पोरांना लगेच कळेल: कोणी म्हणालं 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याची घोंगडी नवी आहे, तर दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, मला तर एकच दिसते! वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची, आणि मग त्याच तासाला एकमेकांशी अगदी तसंच भांडायची.

आता हेही सांगतो की सूत्रकार जल्पाला नुसतं वाईट म्हणत नाही. कोंब जपायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प-वितंडा हे तत्त्वाच्या रक्षणासाठी, असं चौथ्या अध्यायात आहे. तुमच्याकडे कुंपण होतं, आत रोपच नव्हतं.

वाचायचं काय विचारतोस? बडोद्याच्या पोराने हा प्रश्न विचारावा म्हणजे गंमतच आहे. सयाजीरावांनी सुरू केलेल्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये 1940 साली 'तत्त्वोपप्लवसिंह' छापला गेला, जयराशी भट्टाचा. पाटणच्या भांडारात ताडपत्रावरची पोथी 1926 मध्ये सापडली, पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादन केलं. सुखलालजी सोळाव्या वर्षापासून अंध, ते मुद्दाम सांगतो. ग्रंथात काय आहे? प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, ज्या ज्या साधनांनी आपल्याला ज्ञान होतं असं आपण म्हणतो ती सगळी एकेक करून घेतो आणि विचारतो, हे साधन खरं कशावरून? एकही टिकू देत नाही. हजारेक वर्षांपूर्वी या माणसाने सगळ्यांना तुमचंच 'एटले' विचारलं, आणि ते छापून जगापुढे आलं आपल्या गावातून. पूर्ण वाचू नका, अवघड आहे. चार ओळी घ्या, कोणा संस्कृतवाल्याला अर्थ सांगायला लावा.


एसवाय_फिजिक्स
मी याच मंडळात येते, सायन्सची आहे. काका तुमचं अविज्ञातार्थ वाचून अंगावर काटा आला, शनिवारी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

वाचण्याबद्दल माझं मत, पुस्तकापेक्षा एक नीट प्रश्न आणावा. आमचा सगळ्यात भारी शनिवार मगरीचा होता. बडोद्याबाहेरच्यांना सांगते, विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात खरोखरच्या मगरी आहेत, काळ्या घोड्याच्या पुलावर लोक गाडी थांबवून खाली बघत असतात. पुस्तकात दोरी आणि साप असतो ना, आमच्याकडे ओंडका आणि मगर. तर प्रश्न असा: मी पुलावरून खाली बघितलं, काठावर एक ओंडका होता, मला ती मगर वाटली. मी म्हटलं 'तिथे मगर आहे'. आता ओंडक्याच्या मागे, मला न दिसणारी, खरंच एक मगर पडलेली होती. माझं म्हणणं खरं निघालं, मला तसं वाटायला कारणही होतं. मग मला ते 'माहीत होतं' का?

अडीच तास! अर्धे म्हणाले होतं, कारण बरोबरच होतं ना. एक कॉमर्सचा मुलगा म्हणाला की हे म्हणजे चुकीचा ताळेबंद शेवटी जुळण्यासारखं आहे, दोन चुका एकमेकींना कापतात आणि टोटल बरोबर येते, पण ऑडिटर सोडेल का? मला ते उदाहरण अजून आठवतं.

नंतर कळलं की हा प्रश्न एडमंड गेटिअरने 1963 मध्ये तीन पानांच्या लेखात मांडला आणि त्यावर अजून लोक लिहितायत. आणि त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर नावाच्या बौद्ध तार्किकाने असंच उदाहरण दिलंय, तहानलेल्याला मृगजळ दिसतं, तो तिकडे धावतो, आणि तिथे दगडाखाली खरंच पाणी निघतं. हे आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि घरी गेले असते. म्हणून म्हणते, नाव आणि साल शेवटी, प्रश्न आधी.


मांजलपूरची_आई
मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. माझा मुलगाही एका अशाच मंडळात जातो, हेच असेल बहुतेक. मला आनंद आहे तो मोबाइल सोडून काही करतोय. पण काळजीही आहे म्हणून लिहिते.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या पितृपक्षात मी सगळं केलं, खीर, वडे, गवारीची भाजी, त्यांना आवडायची ती कढी. पान वाढलं आणि हा म्हणाला, आई, इथे वाढलेलं मेलेल्या माणसाला पोचत असेल तर प्रवासाला जाणाऱ्याला डबा कशाला द्यायचा, घरीच पान वाढायचं. त्याला कुठेतरी मिळालं असणार ते. त्याचे बाबा रागावले, तो उठून गेला, जेवला नाही. मला उत्तर आलं नाही. मला उत्तर द्यायचंही नव्हतं. पण तेव्हापासून दोघंही त्या विषयावर बोलत नाहीत आणि घरात एक खोली बंद असल्यासारखं वाटतं. तुमच्या मंडळात असं शिकवतात का? मी भांडायला विचारत नाहीये.


आता_पुण्यात
मूळची रावपुऱ्याची, बारा वर्षं पुण्यात. आई, तुमचं वाचून थांबले जरा. तुमच्या मुलाने म्हटलं ते चार्वाकांचं आहे, माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात, चौदाव्या शतकातल्या, येतं. तिथे गंमत अशी की माधवाचार्य स्वतः वेदांती, चार्वाक त्यांना मुळीच मान्य नाहीत, तरी पहिलं प्रकरण त्यांनी चार्वाकांना दिलं, आणि इतकं नीट मांडलं की आज आपल्याला चार्वाक माहीत आहेत ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. तुमच्या मुलाने त्यातलं अर्धंच उचललं, त्याने माधवाचार्यांनी केलं ते केलं नाही. तुम्ही पान का वाढता ते त्याने तुम्हाला विचारलंच नाही.

पण काकांशी माझं एका बाबतीत पटत नाही. निग्रहस्थान, हरणं, सभा, हे शब्द ऐकूनच एफवायची मुलगी परत खिडकीपाशी जाऊन बसेल. न्यायाची ती सभा पंडितांची होती, तिथे येणारा वर्षानुवर्षं तयारी करून यायचा. अठरा वर्षांच्या पोरांना पहिल्याच दिवशी 'तू इथे हरलास' असं नाव ठेवून सांगायचं म्हणजे विश्वामित्रीकाठ जे करत होता तेच, फक्त संस्कृतात. माझ्या कॉलेजात असं एक मंडळ होतं, आम्ही एकमेकांना नावं ठेवायला इतक्या लवकर शिकलो की प्रश्न राहून गेला. मी तिथून गप्प राहायला शिकून बाहेर पडले, आणि ते सुटायला मला फार वर्षं लागली.

वाचायला सुचवायचं तर अमृतानुभवाचं सातवं प्रकरण, अज्ञानखंडन. दहा प्रकरणांतलं सगळ्यात लांब तेच. ज्ञानेश्वर विचारतात, अज्ञान म्हणून खरंच काही वस्तू आहे का, असेल तर ती राहते कुठे, आणि कळते कशी, कारण कळली तर ते ज्ञान झालं. मराठीत इतका घट्ट युक्तिवाद आणि वर ओवीची लय. दहा ओव्या घ्या, मोठ्याने वाचा, गुजराती मुलांनाही कानाला बरं वाटेल. आणि हो, अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, प्रताप शेठजींनी उभं केलेलं, बडोद्याहून सहल काढा.


जुना_दांडियाबाजार
ताई, तुमचं बरोबर आहे, मी माझ्या वर्गाच्या सवयीने लिहिलं. दुरुस्ती सुचवतो. निग्रहस्थान दुसऱ्याला दाखवायचं नाही, ज्याचं त्याने स्वतः म्हणायचं. 'मला तुझं म्हणणं परत सांगता येत नाहीये, पुन्हा सांग'. बस. सूत्रात तसं नाही, पण तुमच्या पोरांना ते पुरेल.

फक्त एक मात्र सोडू नका, 'मतानुज्ञा'. माझ्या पक्षात दोष दाखवला की मी म्हणतो, 'तुझ्यातही आहे की!' म्हणजे माझ्यातला दोष मी कबूलच केला. आजकाल टीव्हीवर सगळ्या चर्चा यावरच चालतात. हे एवढं पोरांनी ओळखायला शिकलं तरी मला समाधान.


विश्वामित्रीकाठ
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं. काल शनिवारी केलं. जसं झालं तसं लिहितो.

नियम एकच ठेवला: विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. हरणं-जिंकणं काही नाही, ताईंचं ऐकलं. विषय आमच्यातल्या एकाने आणला, 'माझी लायकी ही माझी असते का?' आणि त्याने जागाही मुद्दाम निवडली, कामाटीबागेजवळची संकल्पभूमी, आंबेडकरांची आठवण असलेली जागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले, तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्युईंकडे शिकले, 1917 मध्ये करारानुसार नोकरीला बडोद्यात आले. आणि एवढ्या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री नऊची होती, मधले पाच तास ते याच कामाटीबागेत बसून होते. मी लहानपणापासून या बागेत येतोय, छोट्या गाडीत बसलोय, म्युझियम बघितलंय, आणि हे मला कॉलेजात कळलं. ते मला अजून टोचतं.

तर. आमच्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा, अतिशय हुशार, आणि मेहनती, त्याचं म्हणणं मार्क माझे, रात्री मी जागलो, लायकी माझी नाहीतर कोणाची. समोर टीवाय कॉमर्सचा, ज्याने विषय आणला तो. त्याने सांगितलं की माझे वडील सफाई कामगार, मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला, मी पण रात्री जागलो, पण जागायला लागणारा दिवा, टेबल आणि कोणीतरी 'झोप आता' म्हणणारं माणूस, हे काही मी कमावलेलं नसतं, ते असतं किंवा नसतं. मग लायकीतला माझा हिस्सा किती?

आता इंजिनिअरिंगवाल्याला हे परत सांगायचं होतं. पहिल्यांदा म्हणाला, "तू म्हणतोस की मेहनतीला काही अर्थ नाही." समोरून, "नाही, असं नाही म्हणालो." दुसऱ्यांदा, "तू म्हणतोस मला जे मिळालं ते मी चोरलंय." "नाही रे." यावर तो चिडला, उठला, पाणी प्यायला. मला वाटलं गेला आता. बाटलीचं झाकण लावत उभाच राहिला बराच वेळ. मग बसला आणि हळूच म्हणाला, "तू म्हणतोस की मेहनत दोघांची खरी आहे, पण मेहनत करता येणं हेही आधी कोणीतरी दिलेलं असतं, आणि ते मोजल्याशिवाय आपल्याला लायकी मोजता येत नाही." कॉमर्सवाला म्हणाला, "हा. आ ज." म्हणजे 'हो, हेच'.

तेवढ्यात सव्वासहा वाजले होते. इंजिनिअरिंगवाल्याचं स्वतःचं उत्तर यायचंच राहिलं! तो म्हणाला मला अजूनही वाटतं माझंच बरोबर आहे, पण आज नाही सांगत, पुढच्या शनिवारी सांगतो, मला आधी ते नीट बनवावं लागेल. मागच्या दोन वर्षांत आमच्यापैकी कोणी 'पुढच्या शनिवारी' म्हटलेलं मला आठवत नाही.

मांजलपूरच्या आई, आमच्याकडे असं शिकवत नाहीत, शिकवणारं कोणीच नाही. पण तो चार्वाकांचा डब्याचा श्लोक आमच्याकडेच वाचला गेला होता, मीच वाचला होता, आणि वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या होत्या. श्राद्ध करणाऱ्याचं म्हणणं काय ते कोणीच विचारलं नाही. हे माझ्याकडून राहिलं, त्याबद्दल मनापासून माफी. तुम्ही आलात तर आम्हाला हवंच आहे, सर-मॅडम नकोत हा नियम आयांना लागू नाही.


एसवाय_फिजिक्स
मी होते काल. तो झाकण लावत उभा होता तेव्हा कोणीच बोललं नाही हे राहिलं लिहायचं. एरवी आम्ही त्या वेळात तीन जोक मारले असते.


मांजलपूरची_आई
काल रात्री मुलाशी बोलले. हा धागा वाचलाय त्याने. स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, आई, तू पान का वाढतेस ते मी सांगतो, तू हो म्हण. पहिल्यांदा म्हणाला, तुला भीती वाटते नाही वाढलं तर काही वाईट होईल. मी म्हटलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, लोक काय म्हणतील म्हणून. तेही नाही. मग म्हणाला, तूच सांग. मला सांगताच येईना. मी म्हटलं कढीत सासूबाई जिरं कमी आणि आलं जास्त घालायच्या, वर्षभर मी माझ्या पद्धतीने करते, त्या एका दिवशी त्यांच्या पद्धतीने करते, चव घेताना मनात विचारते बरोबर आहे ना. तो म्हणाला, एटले? मी म्हटलं मला पण नाही माहीत, विचार करते. कांदा चिरायला घेऊन बसला माझ्याबरोबर. बाबांशी अजून बोललेला नाही.

शनिवारी मी येऊ शकेन बहुतेक, साडेचारला जमेल. खाली बसायला होत नाही, गुडघे दुखतात, बाक असेल ना?


विश्वामित्रीकाठ
आहे, म्युझियमच्या बाजूला सावलीत सिमेंटचे दोन बाक आहेत, आम्ही त्यांच्याभोवतीच बसू. काळ्या घोड्याच्या बाजूच्या गेटने आत या, आमच्यातलं कोणीतरी सव्वाचारपासून तिथे उभं असेल. आधी इंजिनिअरिंगवाल्याचं राहिलेलं उत्तर, मग तुमची कढी. काका, अमृतानुभवाच्या दहा ओव्या निवडून द्याल का, झेरॉक्स मी काढतो, वीस प्रती पुरतील.


जुना_दांडियाबाजार
तीस काढ. ओव्या उद्या टाकतो.